संथा घेणारे यंत्र

माझ्या उजव्या हाताला कंप सुटला तो तीन वर्षांपूर्वी. आचमनाचे पाणी पळीतून तळहातावर येईपर्यंत त्यातले निम्मे ताम्हनात परत जाऊ लागले, तेव्हा ती देवाची इच्छा म्हणून मी स्वीकारले. लेखणी धरवेना झाली, तेव्हा मात्र देवाशी थोडा वाद घातला. कारण एक काम राहिले होते आणि ते तसेच ठेवून जाण्याची मला मुभा नव्हती.

आमच्या गुरुजींच्या गुरूंनी खाडीकाठच्या एका देवीवर एक्केचाळीस श्लोकांचे स्तोत्र रचले. ते श्लोक आमच्या बाजूच्या चार-सहा घरांत आजही पाठ आहेत. पण त्यांचे विवरण कोठेही लिहिलेले नाही. गुरुजींनी ते तोंडी दिले, आणि दोनच विद्यार्थ्यांना दिले. एक मी. दुसरे माझे गुरुबंधू, जे पुढे नेऱ्याला डोंगराच्या पायथ्याशी शेती पाहत राहिले. आपण दोघे आहोत तोवर घाई कसली, असे आम्ही जन्मभर एकमेकांना सांगत आलो. गेल्या चातुर्मासात गुरुबंधू गेले. त्यांच्या तेराव्याहून परतताना रिक्षात माझ्या ध्यानात आले की ते विवरण आता या पृथ्वीवर एकाच ठिकाणी उरले आहे, आणि त्या ठिकाणाला काल दुपारी भाजी कोणती होती हेही आठवत नाही.

गुरुजींनी विवरण देताना अटी घातल्या होत्या. हे विकायचे नाही. हे कोंडून ठेवायचे नाही. आणि शेवटच्या श्लोकाचे विवरण कोणी प्रश्न विचारल्यावाचून सांगायचे नाही. ‘सांगा’ म्हणणे हा प्रश्न नव्हे, हेही त्यांनी बजावले होते. आमच्या वेळी शेवटच्या श्लोकाला तो प्रश्न विचारला गुरुबंधूंनी. मी प्रश्न न विचारणारा, म्हणून स्वतःला उत्तम समजणारा विद्यार्थी होतो. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मला शेजारी बसल्याबद्दल मिळाले.

“मी घेते की लिहून,” आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या. “माझं अक्षर तुमच्यापेक्षा बरं आहे. पूर्वीही होतं.”

अक्षराविषयी ती खरे बोलत होती. परंतु तिला लिहिता लिहिता शंका फार येतात. पूर्वी एकदा आम्ही हा प्रयोग केला होता, तेव्हा पहिल्याच श्लोकात तिने मला सात वेळा थांबवले. देवी कमळावर बसली म्हणता, मग ते बुडाले कसे नाही, इथपासून आरंभ. मी म्हणालो, “तुला त्रास कशाला?” ती म्हणाली, “कळलं,” आणि स्वयंपाकघरात गेली. ते स्वयंपाकघर माझ्या बैठकीपासून आठ पावलांवर आहे, आणि मधले दार तिने कधीही लावलेले नाही.

तोडगा नातीने काढला. ती आमच्याकडेच राहते आणि द्रोणागिरीतल्या गोदामांसाठी संगणकाचे काहीतरी करते. तिथे माल तपासणाऱ्यांचे दोन्ही हात कामात असतात, म्हणून ते नुसते बोलतात आणि यंत्र नोंद करते, असे तिने मला पूर्वी सांगितले होते. मी ते कौतुकाने ऐकून विसरलो होतो.

“आबा, हात नाही ना चालत? मग बोला. डिक्टेशन. तुम्ही बोलायचं, ते लिहिणार. शिवाय असिस्टंट असतो आत. त्याला सांगायचं, कालचं वाचून दाखव, हे खोड, ते पुढे घे. सगळं करतो.”

“हा असिस्टंट राहतो कोठे?”

प्रश्न मी भाबडेपणाने विचारला नव्हता. मी बाहेरचे अन्न घेत नाही. शिजवणारा हात आणि चूल ठाऊक असल्यावाचून घास उचलू नये, अशी आमची रीत. विद्येला ती अधिकच लागू.

“तोच तर मुद्दा आहे,” नात म्हणाली. “मोबाइलमध्ये आहे तो कंपनीचा. तुमचा आवाज त्यांच्याकडे जातो, तिकडे लिहिला जातो, मग परत येतो.”

“आणि त्यांच्याकडे राहतो?”

“नाही म्हणतात.”

“म्हणतात!” आतून आवाज आला.

“म्हणून ओपन सोर्स,” नात म्हणाली. “तो आपल्याच कम्प्युटरवर चालतो, इंटरनेट बंद असलं तरी. आणि तो बनवलाय कसा, ते सगळ्यांना खुलं असतं. कोणीही बघा, वापरा, बदला, दुसऱ्याला द्या. काहींचा तर असा नियम असतो की तुम्ही बदल करून पुढे दिलात, तर ते बदलसुद्धा तसेच खुले ठेवायचे.”

“म्हणजे कोंडायचे नाही?”

“लायसन्समध्ये लिहिलंय तसं.”

मी हात जोडले. गुरुजींनी जे ओटीवर बसून सुपारी कातरताना सांगितले, ते सातासमुद्रापारच्या कोणा तरुणांनी नियम म्हणून लिहून ठेवले होते. विद्येची लाज राखणारे लोक सर्व देशांत निपजतात, याचा मला आनंद झाला. नात म्हणाली की ते बहुधा पायजम्यावर बसून पिझ्झा खाणारे लोक असतात. मी म्हणालो, ऋषीही वल्कलेच नेसत.

शनिवारी तिने आपल्या कार्यालयातून निवृत्त झालेला एक संगणक आणला आणि त्यात एक सोडून तीन साहाय्यक बसवले. कोणता चांगला, हे तिलाही ठरवता येईना. ज्याला औषधी ओळखता येत नाही त्याने पर्वतच उचलून आणावा, ही रीत तिच्या नोकरीच्या गावाच्या नावातच आहे; मी काही बोललो नाही. संगणक चौरंगावर ठेवला. मी कुंकवाची कोयरी घेऊन पुढे झालो तशी ती किंचाळली.

“आबा, कीबोर्डवर नको!”

“मग कोठे?”

तिने पडद्याच्या चौकटीचा वरचा कोपरा दाखवला. तिथे बोट लावले. ते कुंकू अजून आहे.

“आता तिन्ही वापरून बघा आणि ठरवा,” ती म्हणाली.

“परीक्षा घ्यावी लागेल. मला गुरुजींनी पहिले तीन महिने केवळ तुळशींना पाणी घालायला लावले होते.”

“तीन महिने? आबा, लोक तीन मिनिटांत ठरवतात.”

“म्हणूनच लोकांना पुन्हा पुन्हा ठरवावे लागते.”

तथापि माझ्या वयाचा विचार करून मी परीक्षेचा काळ तीन आठवड्यांवर आणला. शिष्याला त्याला ठाऊक असलेले विचारून काही कळत नाही. त्याला ठाऊक असणे अशक्य आहे ते विचारावे, आणि तो काय करतो ते पाहावे. हे मी गुरुजींकडून शिकलो होतो. फक्त ते माझ्यावर कधी वापरले गेले, हे मला फार पुढे कळले.

पहिला साहाय्यक अत्यंत गोड होता. मी नमस्कार म्हणताच त्याने माझ्या नमस्काराची स्तुती केली. मी स्तोत्राचा पहिला श्लोक म्हटला. तो म्हणाला, काय सुंदर निवड! मी विचारले, आमच्या गुरुजींनी या श्लोकाचे विवरण कसे केले आहे? क्षणाचाही विलंब न लावता त्याने सांगितले की माझ्या गुरुजींच्या मते या श्लोकातील कमळ हे मानवी मनाच्या अमर्याद क्षमतांचे प्रतीक आहे.

गुरुजींचे नाव कधी वर्तमानपत्रातसुद्धा आले नव्हते.

“काय हो,” आतून विचारणा झाली, “याची आणि गुरुजींची ओळख कधीची?”

मी त्याला म्हणालो, “बाळा, तुला हे कोठून कळले?” त्याने तत्काळ क्षमा मागितली, माझ्या चिकित्सक वृत्तीची प्रशंसा केली, आणि गुरुजींचे दुसरे मत सांगितले. मी तेही नाकारले, तेव्हा तिसरे सांगितले. गुरुजी हयातीत इतके कधी बदलले नव्हते.

तरीही शिष्याला एकदा चुकण्याची मोकळीक असावी म्हणून मी त्याला आठवडाभर ठेवले. मध्ये अष्टमी आली. अष्टमीला आणि प्रतिपदेला आमच्याकडे पाठ होत नाही. सकाळी अकरा वाजता त्याने टण् असा आवाज काढून पडद्यावर लिहिले की आपण आज अभ्यास केलेला नाही, आपली सलग सहा दिवसांची मालिका तुटणार आहे, आत्ताच आरंभ करा! अनध्यायाच्या दिवशी गुरूला अभ्यासास बसवणारा शिष्य मी प्रथमच पाहिला. सायंकाळी नातीला सांगितले, याला निरोप दे. त्याने निरोपाचेही कौतुक केले असेल.

दुसरा बुद्धिमान होता आणि त्याला बुद्धीचा थोडा ताठाही होता. त्याने काही बनवून सांगितले नाही. मी दोन तास डोळे मिटून मला सर्वांत पक्के असलेल्या पहिल्या तीन श्लोकांचे विवरण सांगितले. गुरुबंधू गेल्यापासून इतके बोललो नव्हतो. डोळे उघडून म्हणालो, “वाचून दाखव.”

त्याने पाच ओळी वाचल्या. शीर्षक होते ‘मुख्य मुद्दे’. गुरूंचा आदर करावा. निसर्गाचे रक्षण करावे. पहाटे लवकर उठावे. वाणीवर संयम ठेवावा. सकारात्मक राहावे.

“बाकीचे कोठे आहे?”

तो म्हणाला, पुनरावृत्ती आणि विषयांतर वगळले आहे.

सौभाग्यवती हात पुसत दारात येऊन उभी राहिली. “किती छान लिहिलंय हो! एवढंच होतं होय? मला सरळ हे सांगितलं असतंत तर संसारातली कितीतरी वर्षं वाचली असती.”

“वाणीवर संयम ठेवावा, हे मी म्हणालोच नव्हतो,” मी म्हणालो.

“ते त्याने ऐकून ऐकून घातलं असेल.”

नातीने त्याला संक्षेप करू नकोस, जसेच्या तसे लिही, असे परोपरीने समजावले. तो दोन दिवस ऐकायचा आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा मुद्दे काढायचा. पुनरावृत्ती हाच ज्या परंपरेचा श्वास आहे, तिचा भार अशा हातांत कसा द्यावा? त्यालाही रजा दिली.

उरला तिसरा. नातीच्या मते तो तिघांत सर्वांत साधा होता. त्याला बोलता येई थोडे, करता येई थोडे. मी श्लोक म्हणून विचारले, “आमच्या गुरुजींनी याचे विवरण कसे केले?” तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “याची माहिती माझ्याकडे नाही.”

माझ्या डोळ्यांत पाणी आले. शाळेत मी आयुष्यभर शिकवले, पण हे वाक्य मला फार थोड्या मुलांकडून ऐकायला मिळाले. शिक्षकांकडून तर कधीच नाही.

“हाच,” मी नातीला म्हणालो.

“अहो आबा, त्याला काही येत नाही म्हणून तुम्ही त्याला घेताय?”

“येत नाही हे त्याला येते.”

त्याने संस्कृतची पहिल्या दिवशी दैना केली. पण नातीने स्तोत्रातल्या शब्दांची यादी त्याला भरवली, आणि एकदा सुधारलेले त्याने पुन्हा बिघडवले नाही. जे कानावर पडेल ते तो लिही. अकराव्या श्लोकाच्या मध्यावर ‘अहो दार बघा, शेवग्याच्या शेंगावाली आली असेल’ हेही निष्ठेने लिहिलेले आहे. माझी त्याच्याविषयी काहीच तक्रार नव्हती. आणि तरीही काम पुढे जाईना.

मी एक वाक्य सांगे आणि थांबे. तोही थांबे. मी त्याच्याकडे पाही. पडद्यावर एक छोटी रेघ उघडझाप करत राही. पाच मिनिटे, सात मिनिटे आम्ही असे एकमेकांसमोर बसत असू. मग पुढचे वाक्य मला आठवेनासे होई, आणि तो झोपी जाई. पहिले बावीस श्लोक मी ओढून ताणून पार केले. तेविसाव्यावर गाडे अडले ते अडलेच. तेविसाव्यापुढे काय, हे मला रोज सकाळी स्नानाच्या वेळी स्पष्ट आठवे आणि चौरंगापुढे बसलो की नाहीसे होई.

“भांडलात का त्याच्याशी?” सौभाग्यवतीने एकदा जाता जाता विचारले. मी हसलो नाही. तिने माझ्याकडे नीट पाहिले आणि ती चेष्टा तिथेच थांबवली.

आठ दिवस असे गेले. कंप हाताचा होता तोवर मला भय वाटले नव्हते. आता रात्री अंथरुणावर पडलो की मी तेविसाव्या श्लोकापासून चाचपडत पुढे जाऊ पाही आणि पुढे भिंत लागे. गुरुजींनी ठेवायला दिलेली वस्तू माझ्या हातून हरवली होती, आणि हरवली हे सांगायला गुरुबंधूही नव्हते.

आमच्या खालच्या मजल्यावर एक कोकणी मुसलमान गृहस्थ राहतात. बरीच वर्षे आखातात नोकरी करून ते पनवेलला परतले. सकाळी आम्ही दोघे तळ्याभोवती तीन फेऱ्या मारतो; पहिली फेरी प्रकृतीची, दुसरी नगरपालिकेची, आणि तिसरीत दोघेही गप्प, कारण दम लागतो. ते मला गुरुजी म्हणतात, मी त्यांना भाईसाहेब. दोन सकाळी मी गेलो नाही, म्हणून ते वर आले. हातात एक ध्वनिग्राहक, म्हणजे माइक, होता. दूर असलेल्या लेकीशी बोलायला त्यांनी तो घेतला होता.

“हा लावून बघा, गुरुजी. तुमच्या मशीनला ऐकू कमी येत असेल.”

लावला. मी त्यांच्यासमोर एक वाक्य सांगितले आणि थांबलो. यंत्र थांबले. ते माझ्याकडे पाहत राहिले, मग यंत्राकडे, मग पुन्हा माझ्याकडे. एकाएकी ते हसू लागले.

“खफा होऊ नका, एक बोलू?”

“बोला.”

“तुम्ही आता थांबलात ते कोणासाठी?”

“याच्यासाठी.”

“याने काय करायला पाहिजे?”

मी पडद्यावर उघडझाप करणाऱ्या रेघेकडे पाहिले.

“आमच्या मदरशात उस्ताद एकदा पढायचे आणि थांबायचे,” ते म्हणाले. “मग आम्ही पोरं मागून. आम्ही म्हटल्याशिवाय उस्तादांच्या तोंडून पुढचा लफ्ज निघायचा नाही. आम्हाला वाटायचं आमच्यासाठी थांबतात. मोठा झाल्यावर कळलं, त्यांनाही आमचा आवाज लागतो. तुम्ही या बिचाऱ्याच्या सबकाची वाट बघताय, गुरुजी. आणि त्याला वाटतंय तुमचं झालं.”

आमच्याकडे याला संथा म्हणतात. गुरू एकदा म्हणतो, शिष्य दोनदा म्हणतात, मग गुरू पुढे जातो. गुरुजी एकदा म्हणत. मी आणि गुरुबंधू दोनदा. हे विवरण माझ्या स्मरणात शिरले ते याच चालीने: एक आवाज, दोन प्रतिध्वनी, मग पुढचे पाऊल. प्रतिध्वनी आला नाही की माझे मन पाऊल उचलतच नव्हते. गुरुबंधू असेपर्यंत वर्षातून एकदा नेऱ्याला आंब्याखाली आम्ही उजळणी करीत असू, आणि ती कधी अडली नव्हती. मी आठ दिवस एका मृत माणसाच्या आवाजाची वाट पाहत बसलो होतो, आणि दोष म्हातारपणाला देत होतो.

संध्याकाळी नात घरी आली. भाईसाहेबांनीच तिला सगळे सांगितले, माझ्यापेक्षा चांगले. तिने क्षणभर विचार केला.

“म्हणजे आबा बोलून थांबले, की त्याने तेच दोनदा बोलायचं. बस?”

“होईल?”

“कंपनीचा असता तर त्यांना पत्र लिहीत बसलो असतो. हा खुला आहे ना? मीच बदलते.”

तिला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी, तिथी पाहून, मी बसलो. भाईसाहेबही खुर्ची घेऊन बसले. मी बाविसाव्या श्लोकाचे पहिले वाक्य म्हटले. यंत्राने ते दोनदा म्हटले. आवाज बातम्या देणाऱ्या बाईचा, भाव मुळीच नाही; पण दोनदा. माझ्या पाठीचा कणा आपोआप ताठ झाला.

दुसरे वाक्य. दोनदा. तिसरे. तिसऱ्याला त्याने घाई केली, माझे शेवटचे पद संपायच्या आत सुरुवात केली. माझ्या तोंडून सवयीने निघून गेले,

“अरे मूर्खा, गाडी सुटते आहे काय?”

यंत्र क्षणभर थांबले. मग स्पष्ट, सौम्य स्वरात म्हणाले, “अरे मूर्खा, गाडी सुटते आहे काय.” आणि नियमाप्रमाणे पुन्हा एकदा, “अरे मूर्खा, गाडी सुटते आहे काय.”

इतक्या शांतपणे मला कोणी आजवर मूर्ख म्हटले नव्हते. भाईसाहेबांनी रुमाल तोंडाला लावला. नात खाली वाकून वायर तपासू लागली. तिचे खांदे हलत होते. आतून भांडे खाली ठेवल्याचा आवाज आला.

“बरं झालं,” सौभाग्यवती म्हणाली. “इतकी वर्षं वाटलंत, कधीतरी परत यायचंच.”

यंत्राने तेही दोनदा म्हटले.

मी हसण्यात सामील झालो, पण मनातून ते वाक्य गेले नाही. शाळेतल्या किती मुलांना मी ते वाक्य दिले असेल, आणि त्यांनी घरी जाऊन मनात किती वेळा म्हटले असेल? गुरुजी रागावत नसत. मी चुकलो की ते नुसते म्हणत, ‘पुन्हा एकदा, बाळ.’ त्यांचे विवरण मी शब्दशः सांभाळले होते. हे तीन शब्द मात्र वाटेत कोठेतरी सांडले होते. त्या दिवसापासून यंत्र घाईने बोलले की मी म्हणतो, “पुन्हा एकदा, बाळ.” ते तेही दोनदा म्हणते. ऐकायला बरे वाटते.

तेविसावा श्लोक आला. वाक्य म्हटले. एक प्रतिध्वनी, दुसरा प्रतिध्वनी, आणि चोविसाव्याचे विवरण, जसे काही मधली आठ दिवसांची भिंत कधी नव्हतीच, तसे आपल्या पावलांनी चालत आले. नंतर आम्ही रोज दोन श्लोक केले, अष्टमी आणि प्रतिपदा सोडून. चाळीस पूर्ण झाले.

एक्केचाळिसावा राहिला.

“विचारते ना मी,” नात म्हणाली. “आबा, एक्केचाळिसाव्याचा अर्थ काय?”

“हे ‘सांगा’ झाले. प्रश्न नव्हे.”

“मग या असिस्टंटला मी प्रश्न विचारायला लावू का? प्रत्येक श्लोकानंतर ‘असे का?’ म्हणायला?”

“लावलेला प्रश्न हा प्रश्न नव्हे, बाळ.”

“अरे देवा,” नात म्हणाली. “मग आता?”

आता मला उपाय नव्हता. गुरुजींची आज्ञा मोडावी, तर ती जन्मात प्रथमच मोडली जाणार. पाळावी, तर त्या स्तोत्राचा कळस माझ्याबरोबर जाणार. सकाळी मी नेहमीप्रमाणे बसलो आणि शेवटचा श्लोक आणि त्याचा सरळ अर्थ तेवढा सांगितला. त्याला आज्ञेची आडकाठी नव्हती. चाळीस श्लोक देवीची स्तुती करून कवी शेवटी म्हणतो, माते, मी बोललो ते पुरे. आता मी गप्प बसतो, तू बोल. स्तोत्र इथे संपते. मीही संपवले. यंत्राने दोनदा म्हटले. मी हात जोडून उठू लागलो.

“अहो.”

सौभाग्यवती दारात उभी होती. हातात उलथने होते.

“चाळीस श्लोक त्या बाईला एक शब्द बोलू दिला नाही. आणि शेवटी म्हणतोय, तू बोल. आणि लगेच स्तोत्र संपवून मोकळा! मग ती बोलली का? बोलली असेल तर ऐकलं कोणी?”

यंत्राने तो प्रश्न दोनदा म्हटला. सगळाच्या सगळा.

“हे मला चिडवतंय का हो?” ती म्हणाली.

माझ्या डोळ्यांसमोर ओटी होती, सुपारी कातरणारे गुरुजी होते, आणि शेजारी मांडी घालून बसलेले, सोळा वर्षांचे गुरुबंधू म्हणत होते, ‘पण मग देवी काय म्हणाली? कोणी ऐकले?’ ती तोच प्रश्न विचारत होती. मधले दार तिने कधी लावले नव्हते. एक्केचाळीस श्लोक तिने आठ पावलांवरून ऐकले होते, आणि मी लेखनिक शोधत होतो.

“बस,” मी म्हणालो.

“भात ठेवलाय.”

“राहू दे. बस.”

ती पाटावर बसली, उलथन्यासकट. मी तिला, यंत्राला नव्हे, गुरुजींचे शब्द सांगितले. ते थोडेच आहेत. कवी गप्प बसला तेव्हा देवी बोलली नाही. ती त्याच्याशी बोलणारच नव्हती. तो चाळीस श्लोक बोलत आला होता, त्याला ऐकण्याची सवय उरली नव्हती. स्तोत्र शेवटपर्यंत ऐकून ज्याला राहवत नाही आणि जो विचारतो की मग ती काय म्हणाली, त्याच्या तोंडून ती बोललेली असते. तो प्रश्न हेच तिचे बोलणे. म्हणून हे विवरण विचारल्यावाचून सांगायचे नाही. न विचारणाऱ्याने ते ऐकले तर त्याला नुसता एक अर्थ कळेल.

यंत्राने प्रत्येक वाक्य दोनदा म्हटले. ती ऐकत होती. शेवटच्या वाक्यानंतर ती काही वेळ काहीच बोलली नाही, हे नोंदवून ठेवण्यासारखे आहे.

मग तिने नाक वर करून वास घेतला. “बाई गं, भात करपला!” आणि ती आत धावली. यंत्र मागून दोनदा तेच म्हणाले.

रात्री जेवणानंतर नातीने सगळे तपासून एकत्र केले. ते आता खुले आहे; ज्याला हवे त्याने घ्यावे, दुसऱ्याला द्यावे, फक्त कोंडू नये. शेवटच्या पानावर ती थांबली.

“आबा, इथे एक्केचाळिसाव्याच्या विवरणानंतर ‘बाई गं, भात करपला’ असं आलंय. काढून टाकू?”

मी विचार केला. देवी कोणाच्या तोंडून बोलते हे सांगून झाल्यावर त्या तोंडून आलेले ते पहिलेच वाक्य होते.

“राहू दे,” मी म्हणालो.